बसा म्हणेपर्यंत

एकदा शिक्षक झालेला माणूस मरेपर्यंत शिक्षकच राहतो, असं नृसिंह गोविंद इंगळीकर सरांनी स्वतःच्या निरोपसमारंभात भरल्या गळ्याने सांगितलं होतं. ऐकून शिवणकामाच्या बाई रडल्या. पुढच्या सोमवारी सर उद्यमनगरातल्या पंप तयार करणाऱ्या एका कंपनीत पर्सोनेल ऑफिसर म्हणून रुजू झाले, तेव्हा समारंभात मिळालेल्या शालीची घडीही मोडलेली नव्हती. पगार दुपटीच्या वर होता, आणि दुप्पट पगारावर भरल्या गळ्याचा फारसा परिणाम होत नाही. तरी मरेपर्यंत शिक्षक राहण्याचा बेत सरांनी मनातल्या मनात सोडलेला नव्हता. कंपनीत राहूनही तो पार पाडता येईल, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत नेमकी कुठे मोडली, याचा विचार त्यांनी दीडएक वर्ष मोठ्या शिताफीने टाळला. आणि शेवटी तो त्यांना रंकाळ्याला जाणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या बसमध्ये, दांडीला लोंबकळत, उभ्याने करावा लागला.

त्याला कारण स्कूटर. कंपनीच्या शिफारशीमुळे ती सरांना इतरांच्या आधी मिळाली होती आणि त्या शनिवारी ती शाहूपुरीत एका मेकॅनिकच्या दारात उघडीवाघडी पडली होती. सर चालत एस.टी. स्टँडपर्यंत आले. बसमध्ये चढले. कितीतरी महिन्यांनी चढले, त्यामुळे आत शिरताना त्यांनी नकळत खांदे आक्रसले. आपल्या टेरिलिनच्या शर्टाला कुणाच्या तरी पोत्याचा, पाटीचा, पोराच्या हातातल्या काकवीच्या किटलीचा स्पर्श होणार, ही भीती आपल्याला पूर्वी नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्याचं त्यांना किंचित वाईटही वाटलं. वाईट वाटून झाल्यावर त्यांनी शर्ट सावरला. समोरच्या बाकावर खिडकीशी त्यांचा जुना विद्यार्थी कृष्णात चौगुले बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, केसांत आणि भुवयांत सुताची पांढरी कुसं, चेहरा पूर्वीपेक्षा ओढलेला. त्याने मान वर करून पाहिलं. ओळखलं. आणि तो बसून राहिला.

बसमध्ये बसलेला माणूस बसून राहतो, यात बातमी अशी काही नाही. पण जिना संपला म्हणून निर्धास्त पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं सरांना झालं. कृष्णातने नजर चुकवली असती तरी त्यांना चाललं असतं. माणूस नजर चुकवतो तेव्हा त्याच्या मनात आपल्याविषयी काहीतरी शिल्लक असतं. कृष्णातने ती चुकवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं तसं त्याने सरांकडे पाहिलं, वेळ कळली, आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. बस हलली. सरांनी दांडी घट्ट धरली. लोखंड गार होतं आणि शेकडो तळहातांनी चिकट झालं होतं. आता हा गंगावेशीला उतरेपर्यंत मी याच्यापुढे असाच उभा राहणार, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच, उभं राहायचं काम तर आजवर त्याचं होतं, असंही आलं.

कारण उभं राहणं हा सरांच्या आयुष्याचा पाया होता. त्यांचं नव्हे, मुलांचं. सर वर्गात शिरले की मुलं उठत, हे प्रत्येक शाळेत होतं. सरांची खुबी पुढची होती. ते लगेच बसा म्हणत नसत. टेबलावर डस्टर ठेवत. आदल्या तासाचा फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसत. मग वळून शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकत आणि थांबत. बाक वाजायचा थांबे, कुजबुज थांबे, कोणाचं तरी नाक ओढणं थांबे, आणि खिडकीवर पारव्यांची फडफड तेवढी ऐकू येऊ लागली, की सर अगदी हलक्या आवाजात म्हणत, बसा. तेवढ्या हलक्या आवाजावर सगळा वर्ग एका दमात खाली बसे. बाहेर गिरणीचा भोंगा होत असला, तरी तो शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचे. मारकुटे म्हणून सर कधीच प्रसिद्ध नव्हते. त्यांना छडीची गरज कधी लागली नाही. उठणं आणि बसणं यांच्या मधली ती रिकामी जागा त्यांना पुरत असे. भूमिती शिकवणाऱ्या माणसाला रिकाम्या जागेची किंमत कळते. शेवटच्या बाकावर उंचीमुळे बसवलेला हा कृष्णात, मंगळवार पेठेतला, वर्तुळाला स्पर्शिका काढताना दर वेळी वर्तुळ कापून पलीकडे जाणारा. एकदा सरांनी त्याला ती जमेपर्यंत उभं राहा म्हटलं होतं, आणि तास संपला, मधली सुट्टी झाली, सर चहा पिऊन परत आले, तरी तो उभाच होता. बसा म्हणायला सर विसरले होते. सरांना तेव्हा हसू आलं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हा किस्सा सांगितला, तेव्हा सगळेच हसले होते.

दसरा चौकात बस थांबली. माणसं उतरली त्याच्या दुप्पट चढली आणि सर आणखी आत लोटले गेले. कृष्णातच्या पिशवीतून कांजीचा, ओल्या सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास येत होता. म्हणजे हा मागावर असतो तर. कबनूरला असेल, तिकडे म्हणे रात्रपाळीला माणसं कमी पडतात. विचारावं का? काय रे, कुठे असतोस हल्ली, असं विचारणं सरांना कधी अवघड गेलं नव्हतं. बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत कोणीही दाढीमिशी वाढलेला माणूस वाकून नमस्कार करायचा आणि सर त्याला हा प्रश्न विचारायचे. उत्तर ऐकायची गरज नसायची. आता प्रश्न तोंडाशी आला आणि त्यांना जाणवलं, की या एका माणसापुरतं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, कारण तो आता कंपनीत नाही, हे आपणच ठरवलं आहे.

कंपनीतला पहिला दिवस त्यांना आठवला. धाकट्या मालकांनी, म्हणजे पुण्याला शिकून आलेल्या मालकांच्या चिरंजीवांनी, त्यांना कारखाना दाखवायला नेलं. आवाज एवढा, की कानात कोणीतरी वाळू ओतत असल्यासारखं वाटलं. ड्रिलमशीनवर कृष्णात होता. त्याने सरांना पाहिलं, मशीन बंद केलं, डोक्याची टोपी काढली आणि तो ताठ उभा राहिला. खरं तर तो उभाच होता. तरी तो आणखी उभा राहिला. त्याचं पाहून पलीकडचं मशीन थांबलं, मग त्याच्या पलीकडचं. पेठेतली निम्मी पोरं तिथेच लागलेली होती. ओळीने सगळी थांबली आणि त्या भल्यामोठ्या शेडमध्ये सरांच्या ओळखीची शांतता झाली. पत्र्यावर पारवेसुद्धा होते. सर भारावून गेले. सवयीने बसा म्हणाले. तिथे बसायला काहीच नव्हतं. पोरं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली. एकदोघं खरोखरच उकिडवे बसले. फोरमन चिडला, वेळ फुकट जातोय म्हणाला. धाकटे मालक मात्र हसले. हसले, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं. घरी आल्यावर सरांनी पद्मजाबाईंना, म्हणजे पत्नीला, सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, बघ, शाळा सुटली असं वाटतच नाही. पद्मजाबाई नव्या गॅसच्या शेगडीवर चहा करत होत्या. त्या म्हणाल्या, मग पगार का वाढवून दिला असेल? बायका कधीकधी उगीचच काहीतरी विचारतात, असं सरांना तेव्हा वाटलं.

कंपनीत बाकी सगळे त्यांना साहेब म्हणत. सर म्हणणारी ती पोरं तेवढी. सरांच्या केबिनला दार होतं, फिरती खुर्ची होती. पण आवाज कुठे ठेवावा हे त्यांना समजेना. साठ मुलांच्या मापाचा गळा एका टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला जड जाई. समोरचा मागे सरके. मग त्यांनी आवाज हळूहळू लहान केला. लहान करता करता एक दिवस घरी अक्का, त्यांची थोरली बहीण, म्हणाली, नृसिंहा, तू हल्ली दुकानदारासारखा बोलतोस. अक्का शेजारणींना अजून आमचा मास्तर असंच सांगायची. सरांनी तिला दोनदा पर्सोनेल ऑफिसर म्हणायला शिकवलं. तिसऱ्यांदा ते त्यांनाच म्हणवलं नाही. केबिनमध्ये कोणाला काही समजावताना त्यांचा उजवा हात आपोआप मागे जायचा, फळ्याकडे. मागे कपाट होतं. हाताची बोटं कपाटाच्या थंड पत्र्याला लागली, की सर ती खिशात घालत. खिशात खडूची भुकटी नव्हती. त्यांच्या खिशात आयुष्यभर ती होती, पद्मजाबाईंनी त्यावरून आयुष्यभर कटकट केली होती, आणि आता धोब्याकडून आलेल्या स्वच्छ खिशात बोटं घातली, की दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात हात घातल्यासारखं वाटे.

सी.पी.आर. दवाखान्याजवळ बरेच लोक उतरले. हवा आली. कृष्णातच्या शेजारची जागा मोकळी झाली आणि तिच्यावर कोणी बसेना, कारण तिच्याजवळ सर उभे होते. सर बसेनात. असा थोडा वेळ ती जागा रिकामी गेली. मग कृष्णात खिडकीकडे सरकला आणि त्याने पिशवी मांडीवर जवळ ओढून घेतली. सर बसले. बाक उबदार होता.

दीडएक वर्षामागच्या उन्हाळ्यात, दुष्काळाच्या वर्षी, टेंपररी पोरांना कायम करा म्हणून संप झाला. कृष्णात स्वतः कायम होता. दुसऱ्यांसाठी तो गेटसमोर बसला, आणि त्याच्याबरोबर सगळे बसले. माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. सतरंज्या अंथरून, गेटाला पाठ लावून, घरून आलेल्या भाकऱ्या वाटून खात ते दीड महिना बसले. दगड नाही, शिवी नाही. मालक टेकीला आले होते, आणखी आठवडाभर पोरं बसली असती तर त्यांनी मानलं असतं, हे केबिनमध्ये बसून सरांना दिसत होतं आणि त्याचा त्यांना छुपा अभिमानही वाटत होता; वळण आपलं आहे, असं वाटत होतं. एरवी त्यांना इंगळीकर म्हणणारे धाकटे मालक एका सकाळी केबिनच्या दारात आले आणि त्यांनी सर म्हटलं. सर, जरा बाहेर जाऊन पोरांना भेटून या. तुमचा मान ठेवतात. बस, एवढंच. पुढे काय बोलायचं, काय सांगायचं, काही नाही. सर निघाले. रोज ते गेटाच्या लहान दारातून जात. त्या दिवशी वॉचमन पिराजीने गेटाची दोन्ही दारं सताड उघडली. एका माणसाला बाहेर पडायला एवढी जागा कशाला लागते, हा प्रश्न भूमितीच्या शिक्षकाला पडायला हवा होता. मागे कुठेतरी ट्रक सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला. ऐकला का? आठवताना या जागी सर दर वेळी येऊन थांबत आणि परत फिरत.

ते बाहेर आले आणि पोरं उठली. ठरवून नव्हे, ठरवून ती बसली होती. कृष्णात उठला, त्याच्यामागे सगळे उठले, आणि सरांना जायला वाट हवी म्हणून मधून दोन्हीकडे सरकून उभे राहिले. सर त्या वाटेने चालत पलीकडे लिंबाच्या सावलीत गेले आणि वळले. सगळे चेहरे त्यांच्याकडे होते. टोप्या हातात. शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता, गेली कितीतरी वर्षं तो तिथेच असायचा, फक्त सोडायचा. सर थांबले. शांतता झाल्याशिवाय बसा म्हणायचं नाही, ही त्यांची सवय. आणि शांतता होत नव्हती, कारण त्याच वाटेने, माणूस चालतो त्या वेगाने, ताडपत्री आवळून बांधलेला कंपनीचा ट्रक बाहेर येत होता. पोरांनी तो पाहिला. एकाने पाऊल उचललं आणि सरांकडे बघून परत मागे घेतलं. ट्रक गेला. धूळ बसली. तेव्हा खरी शांतता झाली, आणि तेव्हाही सर काही बोलले नाहीत. मग पोरं बसली. एका दमात नव्हे. एकेक, आपापला, कुठेही. वर्गात असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत माल सुटला, माल सुटला, असं सगळ्या उद्यमनगरात झालं, पोरांतले काही तोंड लपवून घरी गेले, आणि तिसऱ्या दिवशी बाकीचे खाली मान घालून कामावर आले. टेंपररी ते टेंपररीच राहिले. काहींना परत घेतलं नाही. कृष्णातची चौकशी सरांपुढेच झाली. तिथे त्याच्यासाठी खुर्ची ठेवायची राहून गेली होती. त्याने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, उभा तेवढा राहिला, आणि सरांनी त्याला कामावरून काढलं.

पुढे सरांनी स्वतःची एक समजूत घालून ठेवली. दुष्काळ होता. तिकडे गारगोटीच्या बाजूला विहिरी तळाला गेल्या होत्या, पंप अडून राहिले असते तर शेतं वाळली असती. त्या ट्रकमधले पंप कुठल्यातरी विहिरीवर बसले, पाणी वर आलं, कुणाचा तरी ऊस जगला. सरांना तो ऊस दिसायचाही. जेवताना पाण्याचा तांब्या उचलला, की कधीकधी तो हिरवागार डोळ्यांपुढे यायचा, आणि घास गिळता यायचा.

“कबनूरला असतोय,” कृष्णात आपण होऊन म्हणाला. खिडकीबाहेर बघतच म्हणाला. “मेव्हण्याचं माग हायत. आठवड्यानं येतोय.”

“बरं चाललंय ना?”

“चाललंय की.”

सरांनी घरच्यांची विचारपूस केली. त्याची आई गेली होती, गेल्या श्रावणात. सरांना कोणी कळवलं नव्हतं. पोरगी शाळेत जात होती. कुठल्या शाळेत, असं सरांनी विचारलं, तर सरांच्याच जुन्या शाळेत. भूमितीला कोण आहे आता, असं ते विचारणार होते, पण थांबले. बस वळण घेत होती, दोघांचे खांदे एकमेकांना लागले आणि सरळ रस्त्यावर पुन्हा सुटे झाले.

“सर, एक इचारू काय?”

“विचार की.”

“त्या दिवशी तुमी बसा म्हनला न्हाईसा.”

आवाजात राग असता, तर सरांना त्याला उत्तर देता आलं असतं; रागावलेल्या मुलांना कसं हाताळायचं हे त्यांना येत होतं. कृष्णात न कळलेलं गणित विचारत होता.

“म्हटलं असेन रे,” सर म्हणाले. “ट्रकचा आवाज होता. तुम्हाला ऐकू गेलं नसेल.”

कृष्णातने यावर खरोखर विचार केला. मग मान हलवली.

“न्हाय सर. भोंगा चालू असला तरी ऐकू यायचं तुमचं. आमी वाट बघत हुतो.”

सरांनी गारगोटीचा विषय काढला. दुष्काळ काढला. विहिरी, तळाला गेलेलं पाणी, वाळणारी पिकं, एक बाजू आणि दुसरी बाजू, सगळं त्यांनी नीट मांडलं. आणि मांडता मांडता त्यांचा आवाज चढत गेला, साठ मुलांच्या मापाचा झाला, पुढच्या बाकावरची बाई वळून बघू लागली. उजवा हात मागे गेला आणि बाकाच्या दांडीवर आपटला. पंप जायलाच हवे होते, ते म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण त्या गाडीतले पंप जायलाच हवे होते. कृष्णात त्यांच्याकडे बघत राहिला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर सरांविषयी काहीतरी आलं. ते काय आहे हे समजायला सरांना थोडा वेळ लागला. त्याला त्यांची कीव आली होती.

“कुठलं पंप, सर? मोकळी हुती की गाडी.”

सरांनी दांडीवरचा हात मांडीवर घेतला.

“मौलाली डायव्हर आमच्याच गल्लीतला. त्येनंच सांगितलं मागनं. पासिंगची तारीख हुती, आरटीओला न्यायची हुती. ताडपत्री नवी घेतलीती, ती दाखवायला बांधलीती.” त्याने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. “तुमाला ठावं असंल म्हटलं. तुमी सांगितलं असतं तर आमीच सोडली असती.”

गंगावेस आली. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, धारा काढणं चाललं होतं, पेले घेतलेली माणसं भोवती थांबली होती. कृष्णात उठला. तो खिडकीशी होता. त्याला बाहेर पडायचं तर सरांनी उठायला हवं होतं. सर उठले, पाय आवळून बाजूला झाले, आणि त्याला जायला वाट करून दिली. तो त्यांच्या अंगावरून गेला, कांजीचा वास थोडा मागे ठेवून. दारात त्याने वळून पाहिलं की नाही, हे सरांना दिसलं नाही. मध्ये एक पाटीवाली होती. मग तो म्हशींच्या गर्दीत उंचीमुळे थोडा वेळ डोक्याने दिसत राहिला.

बस सुरू झाली. जवळजवळ सगळी रिकामी झाली होती. सर बाकाच्या कडेला तसेच उभे होते, दोन्ही हात बाजूला सरळ. त्यांना आपण उभे आहोत हे माहीत होतं, बसायला जागा आहे हेही दिसत होतं. पण गुडघे कशाची तरी वाट पाहत होते. बाहेर रंकाळ्याचं पाणी काळपट दिसू लागलं. मागून तिकिटांची पेटी खांद्यावर टाकलेला कंडक्टर आला, त्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं.

“बसा की ओ पावणं,” तो म्हणाला. “मोकळंच हाय की सगळं.”

सर बसले.

ट्रकला त्या दिवशी पासिंग मिळालं नव्हतं. मागचा दिवा लागत नव्हता.